प्रश्न तुमचे, खडू माझा : लिनियर की नाही?

या वेळच्या टपालातली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाभोवती घोटाळतात : समोर आलेलं रूपांतरण, म्हणजे एका सदिशावरून दुसऱ्या सदिशावर नेणारा नियम, लिनियर आहे की नाही, हे ठरवायचं कसं? सत्र परीक्षा जवळ आल्याची ही हमखास खूण. पुस्तकात त्याला रेषीय किंवा एकघाती रूपांतरण म्हणतात. आमच्या स्टाफरूममध्ये आणि वर्गातही सगळे लिनियरच म्हणायचे, तेव्हा मीही तेच म्हणणार. काही पत्रांना लांबलचक उत्तरं दिली आहेत, काहींची दोन ओळींत बोळवण केली आहे. रागावू नये.

प्रश्न : मॅडम, चाचणीत टी(क्ष, य) = (क्ष × य, क्ष + य) हे लिनियर आहे का, असं विचारलं होतं. टी(०, ०) = (०, ०) येतं, म्हणून मी ‘आहे’ असं लिहिलं आणि एकही गुण मिळाला नाही. शून्य सदिश शून्यावर गेला पाहिजे, असं तुम्हीच याच सदरात लिहिलं होतं ना?
(बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : लिहिलं होतं, आणि आजही तेच लिहीन. तू मात्र वाक्य उलटं वाचलंस. रूपांतरण लिनियर असेल तर शून्य शून्यावर जातो. शून्य शून्यावर गेला एवढ्यावरून ते लिनियर ठरत नाही. ही कसोटी फक्त नापास करते, पास करायचा अधिकार तिला नाही.

पास करणाऱ्या अटी दोन. पहिली : दोन सदिशांची (तुझ्या गणितात सदिश म्हणजे (क्ष, य) ही आकड्यांची जोडी) बेरीज करून मग रूपांतर केलं काय, किंवा आधी दोघांचं रूपांतर करून मग बेरीज केली काय, उत्तर एकच यायला हवं; टी(उ + व) = टी(उ) + टी(व). दुसरी : कुठल्याही अदिशाने, म्हणजे साध्या संख्येने, आधी गुणलं काय नि नंतर गुणलं काय, तेच; टी(क·उ) = क·टी(उ). ‘प्रत्येक उ, व आणि क साठी’ हे शब्द वहीत लिहायचे. विद्यार्थी नेमके तेच गाळतात.

तुझ्या उदाहरणात उ = (१, ०) आणि व = (०, १) घे. टी(उ) = (०, १), टी(व) = (०, १), बेरीज (०, २). आता उ + व = (१, १), आणि टी(१, १) = (१, २). जुळलं नाही. संपलं. ‘नाही’ म्हणायला एक जोडी पुरते आणि ती आकड्यांत लिहावी. तिथे अक्षरं वापरून पानभर लिहीत बसू नये. ‘आहे’ म्हणायचं असेल तर मात्र आकडे कुचकामी. टी(क्ष, य) = (२क्ष − य, ३य) घे. उ = (अ, ब), व = (प, फ) मानून टी(उ + व) काढ : (२अ + २प − ब − फ, ३ब + ३फ). हे फोडलं की (२अ − ब, ३ब) आणि (२प − फ, ३फ) असे दोन तुकडे सरळ वेगळे होतात. क ने गुणायची पायरी तू स्वतः कर.

आता खोडायला आकडे कोणते निवडायचे? गुण इथेच जातात, म्हणून जरा थांबते. क्षची निरपेक्ष किंमत, |क्ष|, घे. २ ने गुणून तपासलंस तर काही बिघडत नाही, १०० ने गुणलंस तरी नाही. −१ ने गुण : |−३| = ३, पण −१ × |३| = −३. सापडला. दशांश भाग छाटून पूर्णांक तेवढा ठेवणारं रूपांतरण घे. पूर्णांक देत राहिलीस तर ते अगदी साळसूदपणे वागेल. ०.५ ला २ ने गुणून दे : छाटून १ येतो, आणि आधी छाटून मग दुप्पट केली तर ०. किंवा (क्ष, य) मधला मोठा आकडा उचलणारं घे. (१, ०) आणि (२, ०) दिलेस तर १ + २ = ३, सगळं झकास. (१, ०) आणि (०, १) दे; १ + १ = २ यायला हवेत, येतो १. सूत्र जिथे वळतं किंवा फांदी बदलतं, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सदिश ठेवायचा. (१, १) आणि (२, २) असे एकाच रेषेवरचे सदिश घेऊन ‘तपासलं’ म्हणणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षं पाहिलेत. तो तपास नव्हे.

प्रश्न : बाई, मी गणिताचा माणूस नाही, बँकेतून निवृत्त झालो. आमच्या घरात खाली आमचं आणि वर मुलाचं, अशी विजेची दोन मीटरं आहेत. दोन बिलांची बेरीज आणि सगळी वीज एकाच मीटरवर पडली असती तर आलं असतं ते बिल, हे सारखं असायला हवं ना? एका महिन्याचा हिशेब केला तर जवळपास सारखं आलं, पुढच्या महिन्यात खूप फरक. तुमचं ते लिनियर म्हणजे हेच का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : हेच. या टपालातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न तुमचा.

बिलात दोन गोष्टी असतात. एक स्थिर आकार, जो एकही युनिट न जाळता भरावा लागतो. दुसरी टप्प्यांचे दर : पहिल्या काही युनिटांना कमी, पुढच्यांना जास्त. खरे दर बदलत राहतात, म्हणून हिशेबाला सोपे असे मनचे आकडे घेते. स्थिर आकार १०० रुपये, पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये, त्यापुढच्यांना १० रुपये. खाली ५० आणि वर ५० युनिट जळाले तर प्रत्येक बिल ३५० रुपये, मिळून ७००. एकाच मीटरवर १०० युनिटांचे ६०० झाले असते. म्हणजे वेगळी मीटरं महाग, कारण स्थिर आकार दोनदा भरला. आता दोन्हीकडे ८०-८० घ्या. प्रत्येकी ५००, मिळून १०००; एकत्र १६० युनिटांचे १०० + ५०० + ६०० = १२००. इथे वेगळी मीटरं स्वस्त, कारण दोघंही खालच्या टप्प्यात राहिले.

आणि ६०-६० घेतले तर? प्रत्येकी ४००, मिळून ८००. एकत्र १२० युनिटांचे १०० + ५०० + २००, म्हणजेही ८००. एक रुपयाचाही फरक नाही! स्थिर आकार एकीकडे ओढतो, टप्पे दुसरीकडे, आणि या ठिकाणी दोघांची ओढ नेमकी फिटते. तुमचा तो महिना असाच कुठेतरी जवळ पडला असावा. चिपळूणच्या मुलीने तुमचं पत्र वाचावं म्हणून तिच्या शेजारीच छापायला सांगितलंय. जुळलेल्या एका जोडीवर विश्वास ठेवला तर बिलसुद्धा लिनियर ठरेल.

टप्पे काढून टाकले आणि एकच दर ठेवला तरी १०० + ५क्ष उरेल. कागदावर ती सरळ रेषा आहे, शाळेत आपण तिला रेषीय समीकरण म्हणूनच शिकलो. तरी आमच्या अर्थाने ती लिनियर नाही, कारण रेष आरंभबिंदूतून जात नाही. शून्य युनिटांना १०० रुपये पडतात. अशांना आम्ही अफाइन म्हणतो. सेल्सिअसचं फॅरनहाइट करणंही त्यातलंच, तिथे शून्याचे ३२ होतात. त्रैराशिक मांडायला हरकत नाही ते फक्त स्थिर आकार आणि टप्पे दोन्ही नसतील तेव्हा. हे तुम्ही बँकेत व्याजाच्या हिशेबात रोज पाळलं असणार.

प्रश्न : सूत्रात वर्ग दिसला किंवा ‘अधिक १’ दिसलं की ‘नॉट लिनियर’ लिहून मोकळं व्हायचं, अशी युक्ती आमच्या क्लासमध्ये सांगतात. बहुपदींच्या गणितांत ती कधी लागू पडते, कधी दगा देते. का?
(अभियांत्रिकी, पहिलं वर्ष, नागपूर)

उत्तर : युक्ती सांगणाऱ्याने सूत्राचा चेहरा बघायला शिकवलं, पण बदलणारी वस्तू कोणती ते सांगितलं नाही. बहुपदींच्या अवकाशात, म्हणजे बेरीज आणि अदिशाने गुणणं चालतं अशा त्यांच्या संचात, सदिश कोण? क्ष नव्हे. सदिश म्हणजे अख्खी बहुपदी, प. मग वर्ग कोणाचा झालाय, आणि १ कशात मिळवलाय, हे विचार.

टी(प) = प(क्ष) + १ घे. शून्य बहुपदी गेली १ वर. नापास. आता टी(प) = प(क्ष + १) घे. इथेही ‘अधिक १’ आहेच, पण तो बहुपदीत मिळवलेला नाही, क्षच्या जागी घातलेला आहे. दोन बहुपदींची बेरीज करून मग क्षच्या जागी क्ष + १ लिहा, किंवा आधी प्रत्येकीत लिहून मग बेरीज करा. वहीवर अक्षरशः त्याच ओळी येतात. लिनियर. तसंच प ला क्षच्या वर्गाने गुणणं लिनियर आहे (फक्त दुसऱ्या घातापर्यंतच्या बहुपदी चौथ्या घातापर्यंत जातील, तेव्हा पलीकडचा अवकाश तेवढा मोठा धर). क्षच्या जागी क्षचा वर्ग घालणं, तेही लिनियर. प चा स्वतःचा वर्ग करणं मात्र नाही : प = १ घेऊन दुप्पट कर, २ चा वर्ग ४; आणि १ च्या वर्गाची दुप्पट २.

विकलन लिनियर आहे, ० ते १ पर्यंतचं संकलन लिनियर आहे, प ची ७ या ठिकाणची किंमत काढणं लिनियर आहे. प ची त्या पट्ट्यातली सर्वांत मोठी किंमत काढणं नाही. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांत, आलास की तोच चष्मा लाव, तिथे सदिश म्हणजे अख्खी मॅट्रिक्स. कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, म्हणजे ट्रेस, लिनियर. निश्चयक नाही, कारण २ × २ मॅट्रिक्स दुप्पट केली की निश्चयक चौपट होतो. ब ही मॅट्रिक्स ठरलेली असेल तर अ ला अब − बअ वर नेणं लिनियर आहे. दिसायला केवढा गुणाकार! पण बदलणारा अ प्रत्येक पदात एकदाच येतो.

आणि चेहऱ्यावर जाऊ नकोस म्हणतेय तर हेही बघ : क्ष + १ चा वर्ग, वजा क्ष − १ चा वर्ग, भागिले ४. दोन वर्ग आणि दोन एकं अंगावर घेऊन हिंडणारं हे सूत्र सोडवलंस की उरतो नुसता क्ष. आधी सोपं रूप द्यावं, मग निकाल लावावा.

प्रश्न : टी(उ + व) = टी(उ) + टी(व) एवढी अट पाळली की टी(२उ) = टी(उ + उ) = २टी(उ) आपोआप मिळतं. ३ ला तसंच, ४ ला तसंच. मग गुणाकाराची अट वेगळी लिहायची गरज काय? आमच्याकडे यावर वाद झाला.
(एम.एस्सी., बेळगाव)

उत्तर : वाद योग्य जागी झाला. पूर्णांकांपर्यंत तुमचं बरोबर आहे, आणि अपूर्णांकांपर्यंतही नेता येतं. उ चे दोन अर्धे घ्या : टी(उ) = २टी(उ/२), म्हणून टी(उ/२) म्हणजे टी(उ) चा अर्धा. ऋण संख्याही येतात. अदिश म्हणून फक्त परिमेय संख्या घेतल्या असतील तर दुसरी अट खरंच फुकट मिळते.

गाडी अडते ती √२ वर. अ + ब√२ अशा संख्यांचा संच घ्या, अ आणि ब परिमेय. टी म्हणजे ‘√२ चा भाग सोडा, अ तेवढा ठेवा’. बेरीज ते अचूक जपतं. पण टी(१) = १, तेव्हा टी(√२ × १) = √२ यायला हवं होतं; येतो ०. आता याच संचात अदिश म्हणून फक्त परिमेय संख्या चालवल्या तर हेच टी निर्दोष लिनियर आहे. अदिशांत √२ घेतला की नाही. सूत्र तेच, संच तोच, निकाल उलटा. तोंडी परीक्षेत मी ‘हे लिनियर आहे का?’ विचारायची, आणि जो विद्यार्थी ‘कशावर, मॅडम?’ असं उलट विचारायचा त्याला पुढचा प्रश्न न विचारता पूर्ण गुण द्यायची.

संमिश्र संख्यांचं कॉन्जुगेट हे याचंच नेहमीच्या वापरातलं उदाहरण. अ + बआय चं अ − बआय करायचं (आय म्हणजे √−१). वास्तव अदिश असतील तर हे क्ष अक्षातलं साधं प्रतिबिंब, पूर्ण लिनियर. संमिश्र अदिश घेतले की आय ने गुणून बघा : आय चं कॉन्जुगेट −आय, पण १ चं कॉन्जुगेट १, त्याला नंतर आय ने गुणलं की आय. मोडलं.

मग सगळ्या वास्तव संख्यांवर, वास्तव अदिशांसह, असं बेरीज जपणारं पण लिनियर नसलेलं काही आहे का? कोशीने १८२१ मध्ये दाखवलं की फलन संतत, म्हणजे आलेख कुठेही न तुटणारं, असेल तर नाही. बेरीज जपणारं प्रत्येक संतत फलन क गुणिले क्ष अशाच रूपाचं असतं. संततपणाची अट काढली तर काय, याचं उत्तर गेओर्ग हामेल या जर्मन गणितीने १९०५ मध्ये दिलं. वास्तव संख्यांना परिमेय अदिशांवरचा सदिश अवकाश मानून त्याने त्यांचा बेसिस (ज्यातल्या सदिशांपासून बाकी प्रत्येक सदिश एकाच प्रकारे बनतो असा संच) घेतला आणि त्याच्या आधारे अशी फलनं असल्याचं सिद्ध केलं. ती विलक्षण आहेत : त्यांच्या आलेखाचे बिंदू अख्ख्या प्रतलात पसरलेले असतात, कागदावर कितीही बारीक वर्तुळ काढा, त्यात एक तरी बिंदू सापडतोच. त्यांचं सूत्र मात्र लिहून दाखवता येत नाही, कारण तो बेसिस निवडीच्या गृहीतकावर (असंख्य संचांतून, नियम न सांगता, एकेक घटक उचलता येतो हे मानण्यावर) उभा आहे. तुमच्या वादात हे नाव टाका, दोन्ही बाजू गप्प बसतील किंवा पहाटेपर्यंत भांडतील.

उलट बाजू सोपी आहे. गुणाकार जपणारं पण बेरीज न जपणारं हवं असेल तर क्षचा घन अधिक यचा घन, त्याचं घनमूळ. (१, ०) चं १, (०, १) चं १, आणि (१, १) चं २ चं घनमूळ, साधारण १.२६.

दोन्ही अटी एका ओळीतही लिहितात : टी(क·उ + व) = क·टी(उ) + टी(व). चालेल. पण त्यातून गुणाकाराची अट काढताना व = ० घालावा लागतो आणि टी(०) शिल्लक राहतो. आधी क = १ घालून बेरीज मिळवा, तिच्यावरून टी(०) = ० दाखवा, मग पुढे चला. ही मधली पायरी उडवलीत तर मी एक गुण कापीन.

प्रश्न : सूत्रच दिलेलं नाही. टी(१, ०) = (२, ३), टी(०, १) = (−१, ४), टी(१, १) = (१, ८). लिनियर असू शकेल का?
(बी.एस्सी., परभणी)

उत्तर : नाही. पहिल्या दोन किमतींची बेरीज (१, ७) येते. तिसरी ओळ दिली नसती तर असं एक आणि एकच लिनियर रूपांतरण निघालं असतं, कारण बेसिसवरचे सदिश कुठे जातात हे ठरलं की बाकी सगळं ठरतं. त्याची मॅट्रिक्स म्हणजे तेच दोन सदिश उभ्या रांगांत लिहिलेले.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. लॉगरिदम लिनियर नाही असं मुलांना बजावत असतो, कारण (अ + ब) चा लॉग म्हणजे लॉग अ + लॉग ब नव्हे. माझा एक मित्र म्हणतो की लॉग लिनियर आहे. तो थट्टा करतोय का?
(एक शिक्षक, धुळे)

उत्तर : थट्टा नाही, पण त्याने तुम्हाला अवकाश सांगितला नाही. मुलांना सांगता ते चालू ठेवा. नेहमीच्या बेरजेसाठी ते सोळा आणे खरं आहे.

सदिश अवकाशात ‘बेरीज’ कोणती हे आपण ठरवायचं असतं. नियम पाळले गेले की झालं. पेआनोने १८८८ मध्ये हे नियम मांडले, त्यातही सदिश म्हणजे बाणच असला पाहिजे अशी सक्ती नव्हती. तेव्हा फक्त धन वास्तव संख्या घ्या. दोन संख्यांची ‘बेरीज’ म्हणजे त्यांचा गुणाकार, आणि क ने ‘गुणणं’ म्हणजे क वा घात घेणं, असं ठरवा. नियम तपासा, सगळे बसतात. या अवकाशातला शून्य सदिश १ आहे, कारण १ ने गुणून काही बदलत नाही; २ चा विरुद्ध सदिश १/२. पलीकडे नेहमीच्या वास्तव संख्या, नेहमीची बेरीज. आता लॉग(अब) = लॉग अ + लॉग ब ही झाली पहिली अट. अ च्या क व्या घाताचा लॉग म्हणजे क गुणिले लॉग अ, ही दुसरी. तुम्ही अकरावीला पाठ करून घेता तीच दोन सूत्रं. १ चा लॉग ०, म्हणजे शून्य सदिशही जागेवर पोचला.

बारावीच्या हुशार मुलांना याच अवकाशातून त्याच अवकाशात जाणारी दोन रूपांतरणं द्या : क्षची पाचपट करणं, आणि क्षचा पाचवा घात घेणं. सगळे पहिल्याला लिनियर म्हणतील. पाचपटीत शून्य सदिश, म्हणजे १, जाऊन पडतो ५ वर, म्हणून ते नापास. पाचवा घात लिनियर आहे : अब चा पाचवा घात म्हणजे दोघांच्या पाचव्या घातांचा गुणाकार, आणि इथे गुणाकारालाच बेरीज म्हणायचं ठरलंय.